काढलेल्या छत्र्यांचा खुलासा

गुरुदास नाबरांच्या हिरव्या मोटारीवर चिकटवलेल्या सातही छत्र्या अखेर निघाल्या, आणि गाडीच्या रंगावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

हे वाक्य आपण वाचलेच नाही असे समजून पुढे चालावे. कचेरीनेही तसेच समजायचे ठरवले आहे, आणि कचेरीपुढे आपण कोण?

तर गाडीवर सात छत्र्या होत्या. गाडी मूळ गुरुदासच्या काकांची. काका वारले, गाडी उरली. उलट झाले असते तर घरखर्च कमी झाला असता, असे गुरुदासची बायको दुर्गा कधी तोंडाने म्हणाली नाही. पण गाडी ढकलायची वेळ आली की तिच्या चेहऱ्यावर ते वाक्य स्वच्छ वाचता येई.

छत्र्या मात्र काकांच्या नव्हत्या. त्या दुर्गेच्या वडिलांच्या. अख्खे मालवण त्यांना भाई म्हणे. भाईंचे बाजारपेठेत कापडाचे दुकान होते, आणि मागच्या नगरपालिका निवडणुकीत ते अपक्ष म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांना चिन्ह मिळाले छत्री. जावयाची मोटार प्रचाराला घेण्यापूर्वी त्याला विचारावे की नाही, याबद्दल कायद्यात काही लिहिलेले नाही. गुरुदास सरकारी कारकून असल्यामुळे विचारले असते तर तो नाही म्हणाला असता. म्हणून भाईंनी विचारले नाही. एका रविवारी बांगड्याचे तिखले आणि भात जेवून गुरुदास दुपारचा आडवा झाला. उठून बाहेर येतो, तर गाडी पक्षपाती झालेली!

पोस्टर कागदाचे असते तर गोष्ट पहिल्या पावसातच संपली असती. पण भाई कापडवाले. त्यांनी काळ्या मेणकापडाच्या, सुपाएवढ्या, दांड्यासकट छत्र्या कापल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या दारांवर चार, बॉनेटवर एक, टपावर एक आणि पाठीमागे एक. टपावरची कुणासाठी, असे विचारल्यावर भाई म्हणाले होते, "माडार चढतत ते काय मतदार न्हय?" खळ पावसात धुऊन जाईल म्हणून त्यांनी शेजारच्या विश्रामला बोलावले. विश्राम होड्या बांधायचा. त्याने होडीच्या फटी बुजवायची राळ तेलात कढवून आणली आणि छत्र्या अशा बसवल्या की गाडी समुद्रात लोटली असती तरी छत्र्यांच्या बाजूने पाणी आत शिरले नसते. निवडणूक पावसाळ्याच्या आधीच होती, हे सगळे झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले.

भाई पडले. छत्र्या पडल्या नाहीत.

त्यानंतर कित्येक उन्हाळे ती गाडी गुरुदासच्या मागीलदारी उन्हात उभी राहिली. सावली नव्हती असे नाही. सावली भरपूर होती, पण ती सगळी माडांची. आणि माडाच्या सावलीत गाडी ठेवण्यातली अडचण अशी, की माडाला नारळ असतात. मालवणात माणूस माडाखालून जाताना वर बघून जातो. गाडीला वर बघता येत नाही. त्यामुळे गाडी अंगणाच्या बरोबर मध्यभागी, आभाळाखाली. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. गुरुदासने ठेवला नाही.

पुन्हा निवडणूक आली. भाई पुन्हा उभे राहिले आणि छत्रीच मागून घेतली. अशात एके दिवशी अव्वल कारकून परशुराम यांनी गुरुदासला टेबलापाशी बोलावले. परशुराम घरी अस्सल मालवणी बोलत. पण कचेरीच्या पायऱ्या चढताना चपलांबरोबर ती भाषाही बाहेर काढून ठेवत.

"नाबर, सोमवारी प्रांतसाहेब मतदानाच्या जागा पाहायला येताहेत. आपली जीप ओरोसच्या उतारावर जी बसली, ती उठायला तयार नाही. गावात दुसरी मोटार शेटची, आणि शेट स्वतः उमेदवार. त्यांचे चिन्ह बैलगाडी, पण बसतात मोटारीत. तेव्हा तुमची गाडी आणायची."

"माझ्या गाडीवर छत्र्या आहेत, साहेब."

"त्या काढायच्या. सरकारी नोकराच्या गाडीवर उमेदवाराचे चिन्ह म्हणजे काय, ते तुम्हाला समजते. पण रंग खरवडू नका हं. भिकार दिसणाऱ्या गाडीत साहेब बसत नाहीत."

"आणि नाही निघाल्या तर?"

परशुरामांनी खण उघडून एक कागद नुसता दाखवला. "घाटावर एक जागा रिकामी आहे. फक्त नाव घालायचे राहिले आहे."

घाटावर! गुरुदासच्या डोळ्यांपुढे तो प्रदेश उभा राहिला, जिथे बांगडा शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात भेटतो आणि पाहुणा आला की माणसे त्याच्यापुढे वांगे ठेवतात. तुरुंग परवडला. तुरुंगात निदान सुटकेची तारीख असते.

गुरुदास घरी आला तो छाती पुढे काढून. घाबरलेला माणूस नेहमी तसाच चालतो.

"दुर्गा," तो म्हणाला, "छत्रये काढूचे. रंगाक धक्को न लावता. आणि कोणाचा काय एक ऐकाचा नाय."

हे शेवटचे वाक्य मागीलदारी उभे राहून बोलले गेले, ही चूक झाली. कुणाचे ऐकायचे नाही असे मालवणात एखादा मोठ्याने म्हणाला, की ते निमंत्रण समजले जाते. शेजारच्या काशीबाई कुंपणावरूनच बोलत आल्या. हातात काथ्याचा बोळा आणि राखेची वाटी.

"सर बाजूक. माझ्या सासूची पितळ आठ पिढ्यांची, ती ह्याच हातान चकचकीत ठेवलंय."

"काशीबाय!" दुर्गेने त्यांचा हात वरच्या वर धरला. "ह्यो टोप न्हय, गाडी आसा!"

"मगे काय झाला? कळकता ता सगळा सारख्याच."

मागोमाग दत्ताराम आले. ते पोस्टातून निवृत्त झालेले, आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला गावातल्या प्रत्येक चिकटलेल्या वस्तूबद्दल आपुलकी असते.

"वाफ दी वाफ," ते म्हणाले. "जल्म गेलो माझो. वाफेर धरल्यावर कसलाव पाकीट आपसूक सुटता. परत चिकटवलास तर बायलेकसुद्धा समजाचा नाय."

 जो तो आपापली जुनी पत्रे आठवू लागला.

"म्हणान माझ्या झिलाच्या पत्राक चायचो वास येय होतो," काशीबाई सावकाश म्हणाल्या.

दत्तारामांनी विषय बदलण्यासाठी स्वतःच चूल पेटवली. मोदकपात्र आले. झाकण कललेले धरून वाफ बॉनेटवरच्या छत्रीवर सोडण्यात आली. अर्धी दुपार वाफ दिल्यावर छत्रीवरची धूळ निघाली, मेणकापड तकाकले आणि ती निवडणुकीच्या पहिल्या दिवशी दिसत होती त्याहून नवी दिसू लागली. काशीबाईंनी मग एवढी वाफ फुकट कशाला म्हणून त्याच पात्रात खरोखरीचे मोदक लावले. ते चांगले झाले. त्या दिवशी यशस्वी झालेली ती एकच गोष्ट.

एवढ्यात ज्याने हे पातक केले होते तो विश्राम आला. तो कुणालाही न विचारता छत्रीपाशी गेला, कडेवरून अंगठा फिरवला आणि बापाने मुलाचे प्रगतिपुस्तक पाहावे तसा प्रसन्न हसला.

"बघलास? होडी फुटात, राळ सुटूची नाय."

"अरे, पण आता सोडवची कशी?" गुरुदास म्हणाला.

"ता माका खंय म्हायत? लाव म्हणान सांगितल्यानी, लावलंय. काढूक लागतली असा कोणी सांगल्यान?"

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की गुरुदासला त्यात थेट आपल्या कचेरीची भाषा ऐकू आली. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर विश्रामने डोके खाजवले. "मुशीचा त्याल लाव. राळ कोणाक भियता तर त्येकाच. रातभर मुरांदे."

मुशीचे तेल म्हणजे शार्कमाशाच्या यकृताचे तेल. होड्यांना ते लावतात, आणि होड्या गावापासून लांब ठेवतात. ते का, हे गुरुदासच्या गल्लीला त्या रात्री समजले. रंगाला तेल बाधत नाही, हे विश्रामचे म्हणणे खरे ठरले. छत्र्यांच्या कडा सकाळपर्यंत थोड्या मऊ झाल्या, हेही खरे. पण ते पाहायला सकाळी गाडीच दिसेना. मांजरे दिसत होती. बॉनेटवर मांजरे, टपावर मांजरे, पायरीवर पिल्ले. देऊळवाड्यापासून दांडीपर्यंतची झाडून सगळी मांजरे तिथे जमली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की एवढा मोठा मासा आजवर कुणी आपल्यापासून लपवून ठेवला? गुरुदास काठी घेऊन धावला. मांजरांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने त्याच्याकडे आजवर फक्त परशुरामांनी पाहिले होते.

त्यातच भाई आले. धोतराचा सोगा हातात, काळी टोपी डोळ्यांवर.

"जावईबापू, छत्री काढतास? माझी? निवडणूक तोंडार आसताना? छत्री काढलास म्हणजे मी पडलंय असा झाला!"

"पण भाई, तुमी पडलात."

"ता मोजणीत," भाई म्हणाले. "मनातसून मी अजून पडाक नाय."

"भाई, माका घाटार धाडतत."

"धाडांदेत! घाटार काय माणसा रवणत नाय?"

तोवर आत असलेली दुर्गा बाहेर आली. एका हातात निखाऱ्यांची इस्त्री, दुसऱ्या हातात केळीचे पान. "बाबानू," ती म्हणाली, "घाटार ह्येंका एकट्याक धाडूचे नाय, माकाव जावचा लागतला. मी वांगी खावन मराचंय नाय. सरा बाजूक."

भाई सरले. निवडणुकीत त्यांना जेवढी मते पडली होती त्याहून जास्त अधिकार त्या इस्त्रीत होता.

दुर्गेने तेलाने मऊ झालेल्या छत्रीवर केळीचे पान ठेवले आणि पानावरून इस्त्री फिरवली. ऊब राळेपर्यंत गेली, रंगापर्यंत चटका गेला नाही. विश्राम ते पाहून पहिल्यांदाच गंभीर झाला. त्याने मासे धरायच्या गरीची बारीक दोरी आणली, तिची दोन टोके स्वतः आणि गुरुदासने धरली, आणि ती छत्रीच्या कडेखाली घालून करवतीसारखी पुढेमागे ओढायला सुरुवात केली. सुरी नाही, खरवडणे नाही. पण दोघांची ओढ एका वेळी पडेना. हे पाहून काशीबाई म्हणाल्या, "देवाक सांगल्याशिवाय काम करतास, मगे कशा होतला? गाऱ्हाणा घाल रे, विश्रामा!"

विश्रामने दोरी न सोडता डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगण ओरडले, आणि दोरी एकदम वीतभर आत गेली.

"आज ह्यो तुझो लेकरू गुरुदास गाडी पुढ्यात घेवन उभो ऱ्हवलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" आणखी वीतभर.

"ह्येच्या गाडयेक जी काय छत्री चिकाटली आसा, ती रंगाक धक्को न लागता सुटान येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण ह्येका घाटार धाडूक बघता, त्येच्या ताटात जल्मभर दुधी भोपळो पडांदे!"

"व्हय म्हाराजा!!" यात सगळ्यात मोठा आवाज गुरुदासचा होता. छत्री अख्खीच्या अख्खी हातात आली. खालचा रंग हिरवागार, गुळगुळीत, केसाएवढी रेघ नाही.

सातही छत्र्यांना असे गाऱ्हाणे घालण्यात आले. शेवटच्या छत्रीपर्यंत देवाकडे मागायचे काही उरले नव्हते, तेव्हा विश्रामने स्वतःच्या मेव्हण्याविषयी काही गोष्टी सांगून घेतल्या. मग रिठ्याच्या पाण्याने गाडी धुतली, मांजरे नाराज होऊन पांगली, आणि गुरुदासने चार पावले मागे जाऊन आपला विजय पाहिला.

पाहत राहिला.

इतकी वर्षे आभाळाखाली उभी राहून गाडी उन्हाने विटली होती. तेल आणि धूळ होती तोवर ते जाणवले नव्हते. धुतल्यावर ती वाळलेल्या केळीच्या पानाच्या रंगाची निघाली. सगळी. फक्त सात जागा सोडून. त्या सात जागी काकांनी घेतली तेव्हाचा मूळचा गर्द हिरवा रंग तसाच राहिला होता, आणि प्रत्येक जागेला गोल घेर होता, टोक होते, आणि खाली वळलेला दांडा होता.

 मग भाईंनी टोपी काढली.

"कौल!" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "देवान कौल दिल्यान! मनशान काढलेली छत्री देवान परत लावल्यान!"

काशीबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी घरात जाऊन हळदकुंकू आणले आणि बॉनेटवरच्या छत्रीला लावले. संध्याकाळपर्यंत गल्लीतून दोन नारळ आणि एक जास्वंदीचा हार आला. नारळ गाडीखाली ठेवण्यात आले, कारण गाडीवर ठेवायला गुरुदासने जीव गेला तरी परवानगी दिली नसती.

सोमवारी परशुराम अंगणात आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून थांबले. कचेरीची भाषा त्यांनी घरापासूनच घालून आणली होती.

"नाबर, छत्र्या काढायला सांगितल्या होत्या."

"काढल्या, साहेब. ह्या बघा." गुरुदासने मेणकापडाच्या सातही छत्र्या पुढे केल्या.

"मग ह्या कुठल्या?"

"ह्या नाहीत, साहेब. ह्या त्यांच्या जागा आहेत."

परशुरामांनी बराच वेळ विचार केला. सरकारी विचार असल्यामुळे तो सरळ रेषेत गेला. "काचपेपर आणा. तेवढा भाग घासून टाका. बाकीच्या गाडीशी जुळेल."

गुरुदासने आजवर कचेरीत कुणाला नाही म्हटले नव्हते. सुट्टी नामंजूर झाली, तो हो म्हणाला. बढती दुसऱ्याला गेली, तो हो म्हणाला आणि पेढाही खाल्ला. पण आता त्याला मोदकपात्र आठवले, मांजरे आठवली, बायकोच्या हातातली इस्त्री आठवली.

"नाही," तो म्हणाला.

"काय?"

"नाही. ह्या गाडीवर चांगला रंग तेवढाच आहे. जे खराब झाले ते उन्हाने झाले. त्याला कुणी विचारत नाही, आणि जे चांगले राहिले ते मी खरवडू? रंगाला धक्का लावू नका, हा हुकूम तुमचा. तो मी पाळला. आता मोडणार नाही."

"घाटावर जाल, नाबर!"

"जाईन. ह्याच गाडीतून जाईन. टपावर छत्री घेऊन!"

दाराआडून दुर्गेने हे ऐकले. वांग्यांची भीती तिला होतीच. पण नवऱ्याचा हा आवाज ती लग्नानंतर प्रथमच ऐकत होती, आणि गाडी ढकलायला ती स्वतःच पुढे झाली.

दुसरी मोटार मिळणार नव्हती, म्हणून गाडी तशीच स्टँडवर गेली. तिथे प्रांतसाहेब एस.टी.तून उतरले. घाटावरचे, उंच, गोरे, उन्हाने अगोदरच त्रासलेले. त्यांनी गाडी पाहिली. बॉनेटवरचे कुंकू पाहिले. जवळ येऊन एका छत्रीवर बोट घासले. बोटाला काही लागले नाही. वास मात्र आला.

"हे काय आहे?"

"काही नाही, साहेब," गुरुदास म्हणाला. "इथे जे होते ते काढले आहे. आपण पाहता ते त्याचे नसणे आहे."

"मी उमेदवाराच्या चिन्हाखाली बसणार नाही. निवडणूक निःपक्षपाती झाली पाहिजे. मी चालत जाईन!"

आणि एप्रिलच्या त्या भर दुपारी, मालवणच्या बाजारपेठेच्या तोंडाशी, प्रांतसाहेबांनी काखेतली मोठी काळी छत्री काढली आणि खटकन उघडली.

 मग दुकानाच्या फळीवर उभे असलेले भाई जिवाच्या आकांताने ओरडले, "छत्रीऽऽ!" आणि माणसे दुकानांतून बाहेर आली. प्रांतसाहेब पुढे, त्यांची छत्री वर, मागे भाईंची माणसे "छत्री! छत्री!" म्हणत, त्यांच्या मागे गुरुदासची ढकलत आणलेली गाडी आणि शेवटी मुशीच्या वासाने परत जमलेली मांजरे, अशी ती निःपक्षपाती मिरवणूक मतदानाच्या एकेक जागेवरून गेली. साहेबांनी छत्री दोनदा मिटली. मिटल्यावर ऊन लागले, पुन्हा उघडली. प्रत्येक वेळी जयघोष दुप्पट झाला. विश्रामने उत्साहात गाऱ्हाणेही घातले. शेटची बैलगाडी वाटेत उभी होती, तिच्या बैलांनीसुद्धा मान वळवून पाहिले.

संध्याकाळी गुरुदासला लेखी खुलासा देण्याचा हुकूम झाला. खणातल्या कागदावर नाव घालण्यासाठी परशुराम टाक बुडवून बसले होते. गुरुदासने समोरच्या बाकावर बसून, दुर्गेने डब्यात दिलेला तळलेला बांगडा आधी शांतपणे संपवला, हात धुतला, आणि लिहिले:

"माननीय प्रांतसाहेबांच्या सेवेशी सविनय खुलासा सादर की, अर्जदाराच्या गाडीवर आजमितीस एकही छत्री नाही. जेथे छत्र्या होत्या तेवढा भाग मूळ रंगाचा असून बाकीची गाडी विटली आहे. गाडी उन्हात ठेवण्याचे कारण माड, व माडाखाली न ठेवण्याचे कारण नारळ. छत्रीखालच्या भागास ऊन लागले नाही, यात छत्रीने आपले नेमून दिलेले काम चोख केले, असे आपणांसही आज दुपारी स्वानुभवाने पटले असेल. मिरवणुकीच्या वेळी उघडलेली छत्री आपली होती. अर्जदाराच्या काढलेल्या होत्या.

सबब या प्रकरणी मूळ दोष श्री. सूर्य, सकाळी राहणार पूर्वेस व संध्याकाळी पश्चिमेस, यांचा असून त्यांच्याकडून खुलासा मागवावा, व यापुढे गाडीचा रंग एकसारखा होईपर्यंत त्यांनी फक्त सदर सात जागांवरच पडावे असा हुकूम व्हावा. चांगला रंग खरवडण्याचा हुकूम अर्जदारास पाळता येत नाही व येणार नाही.

इतके करूनही अर्जदाराची घाटावर बदली करणे सरकारास अपरिहार्य वाटल्यास, ती मालवणच्या समुद्रासह करण्यात यावी, ही नम्र विनंती. समुद्र नेण्यासाठी अर्जदार आपली गाडी देण्यास तयार आहे. मात्र तिच्यावरच्या छत्र्या निघणार नाहीत."